बिल्ला क्रमांक २३१८

ओस्त्रावाच्या बंद खाणीचं संग्रहालय.
हीटर चालू, तरी वेंदुलाच्या हातांत हातमोजे, बोटांची टोकं कापलेले.
स्क्रीनवर अख्खी खाण महिरपी कंसांत मिटलेली:
शाफ्टमध्ये पातळ्या, पातळीत बोगदे,
बोगद्यात कोठ्या, कोठीत कपाटं,
कपाटात खण, खणात पाकिटं,
आणि कुठल्यातरी पाकिटात, असलाच तर,
पितळेचा बिल्ला, क्रमांक २३१८.

किती खोल, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.
एखादं कपाट थेट दारातच,
एखाद्या खणात आणखी सात खण.
एकात एक लूप तरी किती लिहायचे?
तिने एकच फंक्शन लिहिलं, शोध नावाचं.
त्याने दार उघडायचं, हाताला लागेल ते बघायचं,
आत आणखी दार असलं
तर आपलंच नाव घेऊन आपल्यालाच हाक मारायची:
शोध, तू आत जा, मी उंबऱ्यावर थांबतो.

असे बारा शोध बारा उंबऱ्यांवर,
उतरंडीसारखे एकावर एक,
कंदील फक्त शेवटच्याच्या हातात.

पहिल्यांदा त्याला नलने फसवलं.
तू कोण विचारलं, तर म्हणाला, ऑब्जेक्ट.
दार ढकललं तर मागे खोलीच नाही.
मग एका बोगद्याच्या पोटात
त्याचाच शाफ्ट निघाला,
त्या शाफ्टात तोच बोगदा,
शोध फिरला, फिरला,
उतरंड छताला टेकली आणि कोसळली.
तेव्हा वेंदुलाने त्याच्या खिशात खडू घातला:
जाशील तिथे फुली मार,
फुली दिसली की मागे फिर.

तरीही उत्तर एकच. अनडिफाइन्ड.
आतून ओळ छापली जायची: सापडला.
बाहेर: अनडिफाइन्ड.
सापडला. अनडिफाइन्ड.
तिने कॉफी ओतून टाकली, ती प्यायलीच नव्हती.

शेजारी ओताकार बसलेला, वय एक्क्याऐंशी,
एकोणतीस वर्षं दिव्यांच्या खोलीत काढलेला.
खाण बंद झाली त्या दिवशी भिंतीवरचे बिल्ले मोजले,
एक कमी भरला, आणि तो याच्या पगारातून वजा.
म्हणून तर तो आलाय, दोन ट्राम बदलून.

"आत सापडतो, पण बाहेर येत नाही?" त्याने विचारलं.
"आमच्याकडे जाणारा बिल्ला घेऊन जायचा,
परत आला की हुकावर टांगायचा.
खाली तो धडधाकट असेल, गाणी म्हणत असेल,
हूक रिकामा तोवर माझ्या वहीत तो खालीच."
जरा थांबला.
"एका फेब्रुवारीत चार हूक रिकामे राहिले.
मी उजाडेपर्यंत भिंतीकडे बघत होतो."

वेंदुला काही बोलली नाही.
मग एकोणिसाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.
आतल्याने बिल्ला आणून दिला होता, दर वेळी.
उंबऱ्यावरच्याने तो घेतला,
तिथेच खाली ठेवला,
आणि हात झटकून पुढच्या दाराकडे गेला.

एक शब्द राहिला होता. रिटर्न.
तोही जपून घालायचा:
रिकाम्या हाताने आलेल्याला घेऊन वर पळू नकोस,
अजून दारं आहेत.
हात भरलेला असेल तरच वळ.

मग बारा उंबऱ्यांवरून, हातोहात,
खडूची धूळ लागलेला, तो वर आला:
कपाट चाळीस, खण "इतर", पाकीट "बटणं".

"बटणं!" ओताकार ओरडला,
पहारेकरी डोकावून गेला.
"साठ क्राउन कापले माझे. बटणं!"

"आता मागायचे कुणाकडे?" वेंदुला म्हणाली.

त्याने टोपी चढवली, गुंड्या लावल्या, एक सोडून.
"तुझ्या वरच्याला सांग.
तो त्याच्या वरच्याला सांगेल.
फक्त म्हणावं,
उत्तर परत आणायला विसरू नका."